मित्राच्या पाठीमागें

स्नेहाची परीक्षा संकटकाळीं होते, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु संकटें कांहीं रोज येत नाहींत. रोज येणारी परीक्षा निराळीच असते. दुपारच्या चहाला घरांतील चार माणसें जमतात, कोणाच्या तरी संसाराचा विषय निघतो, आणि ज्याचा विषय निघाला तो तेथें नसतो. त्या वेळीं आपण काय बोलतों आणि काय ऐकून घेतों, यावरून आपल्या मैत्रीचें मोल ठरतें.

माझा स्वतःचा अनुभव अभिमानानें सांगण्यासारखा नाहीं. एका लग्नघरीं पंगत उठल्यावर माझ्या एका जुन्या स्नेह्याची गोष्ट निघाली. त्यानें धाकट्या भावाची जमीन परस्पर विकून पैसा खाल्ला, असें कोणीसें म्हणालें. खरी हकीकत मला ठाऊक होती. तो पैसा त्याच भावाच्या दुखण्यांत खर्च झाला होता. पण बोलणारी मंडळी वडीलधारी होती, विषय रंगांत आला होता. मी सुपारी कातरीत बसलों. निंदेचा एक शब्दही मीं उच्चारला नाहीं. पुढें त्या स्नेह्याच्या मुलीचें जुळत आलेलें लग्न मोडलें, आणि मोडण्यास कारण झाली ती त्याच बैठकींतली गोष्ट. आपण वाईट बोललों नाहीं म्हणजे निर्दोष राहिलों, हा माझा समज त्या दिवशीं गेला.

यावर कोणी विचारील, मित्राचें वागणें आपल्याला पटलें नाहीं तरीही त्याची बाजू घ्यावयाची काय? याचें उत्तर आपल्या पुण्यानेंच देऊन ठेवलें आहे. आगरकर आणि टिळक हे दोघे १८५६ च्या जुलै महिन्यांतले. वयांत अंतर अवघें नऊ दिवसांचें. कॉलेजांत असतांनाच दोघांनीं देशाच्या शिक्षणास वाहून घेण्याचा निश्चय केला. कोल्हापूर प्रकरणीं अब्रुनुकसानीच्या खटल्यांत १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत एकत्र १०१ दिवस काढले. पुढें सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर वाटा फुटल्या. आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला, १८८८ त ‘सुधारक’ काढला. १८९० त टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. दोन्ही पत्रांतून कडाक्याचे वाद झाले, आणि त्यांत कधीं कधीं बोचरे वैयक्तिक शब्दही आले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

परंतु १७ जून १८९५ रोजीं, चाळिशीही न गांठतां, आगरकर निवर्तले, तेव्हां टिळकांनीं ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. त्यांत मतभेदांचा हिशेब मांडला नाहीं. जुन्या सहवासाच्या आठवणी उजळल्या. पुढें १९१५ च्या फेब्रुवारींत गोखले गेले, तेव्हांही सिंहगडावरून येऊन टिळकांनीं स्मशानांत त्यांचा गौरव केला. ज्यांच्या राजकारणाशीं वर्षानुवर्षें पटलें नाहीं, त्यांचा कित्ता तरुणांनीं गिरवावा, असें त्यांनीं सांगितलें.

तेव्हां मतभेद आणि निंदा यांतील भेद स्पष्ट आहे. मतभेद समोर बोलतां येतो. निंदेला आडोसा लागतो. मतभेदाला उत्तर देतां येतें. निंदा ज्याची झाली त्याच्या कानांवर ती येते तेव्हां उत्तराची वेळ टळलेली असते. मित्र चुकला तर त्याला एकांतांत स्पष्ट सांगावें, प्रसंगीं कठोरही बोलावें. पण जें त्याच्या तोंडावर सांगण्याचें धैर्य नाहीं, तें चारचौघांत बोलण्याचा अधिकारही आपल्याला नाहीं.

एकत्र कुटुंबांत तर ही काळजी अधिकच घ्यावयास हवी. मोठ्यांच्या गप्पा चालूं असतां मुलें खेळण्यांत दंग दिसतात. परंतु त्यांचे कान आपल्याकडेच असतात. पाहुणा दारांतून बाहेर पडतांच त्याची उणीं काढणारें घर मुलांना काय शिकवितें? हींच माणसें उद्यां आपल्याविषयींही असेंच बोलतील, एवढेंच.

त्या स्नेह्याकडे मी मागाहून गेलों आणि झालें तें सांगितलें. तो रागावला नाहीं. इतकेंच म्हणाला, “तूं तेथें होतास, हें मला ठाऊक होतें. म्हणूनच निर्धास्त होतों.” यापेक्षां तो चार शब्द रागें भरता, तर मला सोसलें असतें.