विझार्ड आणि सॉर्सरर: मंत्रांचे दोन हिशेब

अमेरिकेत १९७४ साली प्रकाशित झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक साहसांच्या बैठ्या खेळातील जादूगार सकाळी पोथीतून मंत्र पाठ करीत असे. एकदा वापरलेला मंत्र स्मृतीतून पुसला जाई. ही कल्पना लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांतून आलेली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत या विझार्डशेजारी जन्मजात शक्ती असलेला सॉर्सरर आला. त्याला मंत्र मोजकेच येतात, मात्र कोणता वापरायचा हे तो आयत्या वेळी ठरवतो. विझार्डची पोथी कितीही वाढू शकते. सकाळची निवड चुकली तर तो दिवस वाया जातो. सॉर्सररची चूक मात्र दीर्घकाळ भोगावी लागते. शिवाय अग्निगोलाचा मंत्र विझार्डला पाचव्या पातळीवर, तर सॉर्सररला सहाव्या पातळीवर मिळत असे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विस्मरणाची अट गेली आणि सॉर्सररचा मोठा लाभ ओसरला.