एका चापाची दोन कामे

रहस्यकथांनी आणि बोलपटांनी मराठी वाचकाला रिव्हॉल्व्हरची ओळख लहानपणीच करून दिलेली असते. एका कथेतला नायक रिव्हॉल्व्हर काढतो, अंगठ्याने त्याचा घोडा मागे ओढतो, ‘खट्’ असा आवाज होतो आणि खलनायकाचा चेहरा उतरतो. दुसऱ्या कथेतला नायक घोड्याला हातही न लावता सहा बार लागोपाठ काढून मोकळा होतो. वाचक दोन्ही प्रसंग बिनतक्रार स्वीकारतो. वस्तुतः ही दोन वेगळ्या जातींची शस्त्रे असू शकतात. पहिल्या जातीला सिंगल अ‍ॅक्शन म्हणतात, दुसरीला डबल अ‍ॅक्शन. या दोन जातींतला वाद गेली पावणेदोनशे वर्षे चालू आहे आणि त्यात माणसांचे प्राण पणाला लागलेले आहेत. तेव्हा तो केवळ शौकिनांचा वाद म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आधी शब्दांचा निकाल लावू. मराठीच्या प्राध्यापकाकडून एवढी अपेक्षा वाचक करणारच. पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. ज्या पिस्तुलात गोळ्यांचे नळकांडे फिरते, ते रिव्हॉल्व्हर. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग पिस्तूल होते. त्याला फिरते नळकांडे नव्हते. बोटाने ओढायचा तो चाप, आणि मागे उभा राहून काडतुसावर आपटतो तो घोडा. बोलण्याच्या ओघात आपण ‘घोडा दाबला’ म्हणतो. पण दाबला जातो चाप, घोडा पडतो. एवढा भेद ध्यानात ठेवला की पुढचे सारे सोपे आहे.

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये चापाला एकच काम असते : उभारलेला घोडा सोडणे. घोडा उभारायचा अंगठ्याने, आणि तो उभारला जात असतानाच नळकांडे एक घर पुढे सरकून नवे काडतूस नळीसमोर येते. डबल अ‍ॅक्शनमधला चाप हा व्याकरणातल्या द्विकर्मक क्रियापदासारखा आहे. एकाच ओढीत तो नळकांडे फिरवतो, घोडा उभारतो आणि शेवटी सोडूनही देतो. सोय मोठी खरी, पण तिची किंमत बोटाला द्यावी लागते. उभारलेला घोडा सोडायला दीड-दोन किलोंची ओढ पुरते. दोन्ही कामे चापाकडून करून घ्यायची तर पाच-सहा किलोंची, आणि तीही लांबलचक ओढ लागते. शस्त्राचे स्वतःचे वजन असते सव्वा-दीड किलो. आपल्या वजनाच्या चौपट जोराने ज्याला ओढले जाते ते नळीचे तोंड जागेवर स्थिर कसे राहावे? नवशिक्याचा नेम इथेच चुकतो.

अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टने १८३६ साली आपल्या देशात रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले ते सिंगल अ‍ॅक्शनचे. १८५१ साली लंडनला जे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात कोल्टने आपला माल मांडला आणि तिथेच त्याला रॉबर्ट अ‍ॅडम्स हा इंग्रज प्रतिस्पर्धी भेटला. अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरला अंगठ्याने उभारायचा घोडाच नव्हता. सगळे काम चापाचे. कोल्टवाल्यांचे म्हणणे, अंगठ्याने घोडा उभारणाऱ्याचा नेम अचूक बसतो. अ‍ॅडम्सवाल्यांचे म्हणणे, अंगावर शत्रू आल्यावर अंगठ्याला सवड असते कोठे? वादाचा कस क्रिमियाच्या युद्धात लागला. १८५४ च्या नोव्हेंबरात इंकरमनच्या लढाईत एक इंग्रज अधिकारी रशियन सैनिकांच्या घोळक्यात सापडला. जिवंत परतल्यावर त्याने अ‍ॅडम्सला आभाराचे पत्र धाडले : प्रत्येक बाराला घोडा उभारावा लागता, तर आपण वाचलो नसतो. पुढे रॉयल इंजिनिअर्समधल्या ब्यूमाँट नावाच्या लेफ्टनंटने दोन्ही पक्षांची तडजोड घडवून आणली. त्याच्या रचनेत वेळ असेल तर घोडा अंगठ्याने उभारावा, नसेल तर सरळ चाप ओढावा. आज ज्याला आपण डबल अ‍ॅक्शन म्हणतो, ते बहुतेक या तडजोडीचेच वंशज.

पण लगेच पुढच्या हकीकतीने या वादात तिसरा पक्षकार उभा केला, आणि ती हकीकत आपल्या भूमीवरची आहे. पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला फॉसबेरी नावाचा अधिकारी १८५७ च्या उठावातला एक प्रसंग सांगत असे. नेमबाजीचा मोठा अभिमान असलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्यावर एक बंडवाला शिपाई तलवार उपसून चालून आला. अधिकाऱ्याच्या हाती कोल्टचे नेव्ही रिव्हॉल्व्हर होते, बोअर ०.३६ इंच. त्याने सहाच्या सहा गोळ्या झाडल्या, त्यांतल्या पाच शिपायाच्या छातीतून गेल्या. तरीही तो वीर थांबला नाही. त्याने अधिकाऱ्याला गाठून तलवारीचा घाव घातलाच. आता नीट पाहा : इथे अंगठ्याला सवड मिळाली होती, नेमही चुकला नव्हता. कमी पडली ती गोळी. आपल्या शिपायाच्या छातीची तारीफ करावी तेवढी थोडीच; पण इंग्रजांनी त्यातून धडा घेतला तो मोठ्या बोअरचा.

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. साधारणपणे ०.४० इंचाच्या वरच्या रिव्हॉल्व्हरला मोठ्या बोअरचे म्हणतात. बोअर आणि अ‍ॅक्शन हे दोन प्रश्न अगदी वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत केली की काय होते हे अमेरिकन सैन्याने स्वखर्चाने दाखवून दिले. १८७३ साली त्यांनी कोल्टचे ०.४५ बोअरचे सिंगल अ‍ॅक्शन स्वीकारले. काउबॉयच्या बोलपटांत कमरेला लटकते ते बहुधा हेच. १८९२ साली सुधारणा म्हणून त्यांनी डबल अ‍ॅक्शन घेतले, नळकांडे बाजूला काढून सहाही टरफले एकदम बाहेर पाडता येतील असे. पण त्याबरोबर बोअर उतरवले ०.३८ वर. फिलिपिन्सच्या लढाईत मोरो योद्धे अंगावर धावून येऊ लागले तेव्हा या गोळ्या त्यांना थोपवीनात. अखेर कोठारातली जुनी ०.४५ बाहेर काढावी लागली. १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड यांनी चाचण्या घेऊन ०.४५ च्या खाली जाऊ नये असाच सल्ला दिला. डबल अ‍ॅक्शनचा यात काही दोष नव्हता. इंग्रजांनी १८८७ पासून वेब्ली हे ०.४५५ च्या घरातले डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर वापरले आणि पहिल्या महायुद्धात त्याच्यावर भिस्त ठेवली.

मग सैन्यांनी निकाल डबल अ‍ॅक्शनच्या बाजूने दिला असताना सिंगल अ‍ॅक्शन इतिहासजमा का झाले नाही? याचे उत्तर शिकाऱ्यांकडे आहे. १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन कंपनीने ०.४४ मॅग्नम हे जबरदस्त काडतूस डबल अ‍ॅक्शनमध्ये आणले आणि लगेच १९५६ साली रूगर कंपनीने तेच काडतूस सिंगल अ‍ॅक्शनमध्ये दिले. काडतूस एक आणि जाती दोन, अशी तुलनेची उत्तम संधी जगाला मिळाली. पहिले शस्त्र १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या बोलपटाने जगभर गाजवले. दुसरे शिकाऱ्यांच्या हातात मुकाट्याने काम करीत राहिले.

मोठ्या बोअरचा धक्का मोठा. सिंगल अ‍ॅक्शनची मूठ नांगराच्या मुठीसारखी वळलेली असते. बार उडाला की ती तळहातात वर सरकते, धक्क्याचा जोर वाटेत थोडा खर्ची पडतो आणि घोडा आपसूक अंगठ्याजवळ येतो. डबल अ‍ॅक्शनच्या मुठीला मागे वरच्या बाजूस उंचवटा असतो. हात वर सरकू नये आणि बोट चापावर ठरल्या जागी राहावे यासाठी तो हवाच. पण धक्का मात्र सरळ पंजात बसतो. दुसरे असे की, धक्क्याने वर उसळलेली नळी लक्ष्यावर परत यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात अंगठा घोडा उभारून मोकळा होतो. म्हणजे बोअर जसजसे वाढते, तसतसा डबल अ‍ॅक्शनचा वेगाचा लाभ घटत जातो. जेरी मिक्युलेक या नेमबाजाने १९९९ साली ०.४५ च्या डबल अ‍ॅक्शनमधून सहा बार, पुन्हा भरणे आणि आणखी सहा बार एवढे सगळे २.९९ सेकंदांत उरकले हे खरे. पण पंडितजींची तान ऐकून आपण गळा साफ करण्यात अर्थ नसतो.

तरीही एक प्रसंग उरतोच. अस्वलांच्या मुलखात हिंडणारा माणूस कमरेला मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर बांधतो. अस्वलाने एक हात पकडलाच, तर दुसऱ्या हाताने, भीतीने थरथरत, नुसता चाप ओढता येणे हीच त्याची शेवटची आशा. तिथे इंकरमनचा तो अधिकारीच बरोबर ठरतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट : अपघाताची. जुन्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये खाली टेकलेल्या घोड्याचे टोक थेट काडतुसावर विसावे. शस्त्र हातून निसटून घोड्यावर आपटले की बार उडे, आणि तो कोणाला लागेल याचा नेम नसे. म्हणून जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसे भरीत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवीत. १९७३ साली रूगरने आतमध्ये एक पोलादी पट्टी बसवली; चाप पुरता ओढलेला असेल तरच ती वर येऊन घोड्याचा घाव पुढे पोचवते. कंपनीने जुन्या शस्त्रांतही ही सुधारणा फुकट करून देण्याची तयारी दाखवली. आजही कोणाजवळ वडिलोपार्जित सिंगल अ‍ॅक्शन असेल, तर पाच काडतुसांचा नियम त्याने देवघरातल्या नियमासारखा पाळावा.

डबल अ‍ॅक्शनवाल्यांनीही फार ऐटीत राहू नये. त्यांचेही शस्त्र अंगठ्याने उभारले की दीड-दोन किलोंच्या ओढीवर येते, आणि घाबरलेल्या माणसाच्या बोटाला एवढी ओढ म्हणजे काहीच नव्हे. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आपल्या रिव्हॉल्व्हरांचा घोडा अंगठ्याने उभारण्याची सोयच काढून टाकली, ती याच धास्तीने. संशयितावर उभारलेला घोडा रोखायचा आणि नकळत बार उडायचा, हा धोका त्यांना नको होता. बोलपटातला तो ‘खट्’ आवाज प्रेक्षकाला धमकी वाटतो. जाणकाराला तो अपघाताची पहिली पायरी वाटतो.

तेव्हा श्रेष्ठ कोणते, या प्रश्नाचे उत्तर वेळ कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून आहे. जो स्वतः वेळ निवडतो, त्या शिकाऱ्याला सिंगल अ‍ॅक्शन शोभते : घोडा उभारणे हा एक निर्णय, चाप ओढणे हा दुसरा, आणि दोहोंच्या मध्ये विचाराला जागा. ज्याच्यावर वेळ येऊन कोसळते, त्याला डबल अ‍ॅक्शन हवे; तिथे ती लांब, जड ओढ हाच विचाराचा अवधी. गोळी लागल्यावर काय होणार, हे मात्र बोअर आणि काडतूसच ठरवतात. आपल्याकडे परवाना असलेल्या नागरिकाजवळ बहुधा ०.३२ बोअरचे, कानपूरच्या सरकारी कारखान्यातले रिव्हॉल्व्हर असते. मोठ्या बोअरचा हा वाद त्याच्या दारापर्यंत क्वचितच येतो. पण चापावरचे बोट सगळीकडे सारखेच. ओढ दोन किलोंची असो वा सहा, निर्णय आधी झालेला असेल तरच ते बोट चापावर जावे. तोवर त्याची जागा चापाच्या कडीबाहेर.