नमुन्याचे डाव कशासाठी?

स्किड, चेसएक्स यांसारखी बुद्धिबळाचे डाव साठवणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. ती घेतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात डाव कुठे आहेत? सोबत छोटा नमुनासंग्रह मिळालाच, तर ‘एवढेच?’ अशी तक्रार होते.

गैरसमज : लाखो डाव सोबत नाहीत, म्हणजे सॉफ्टवेअर अपुरे.

सॉफ्टवेअर वेगळे, डाव वेगळे. डाव पीजीएन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले असतात. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ च्या सुमारास आखलेली ही पद्धत जवळपास सगळी सॉफ्टवेअर वाचतात. मार्क क्राउदर १९९४ पासून दर आठवड्याला ताज्या स्पर्धांचे डाव पुरवत आहेत. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळाने तर २०१३ पासूनचे आपले रेटेड डाव कोणालाही वापरायला खुले केले आहेत.

गैरसमज : दुसऱ्यांचे डाव वाटणे म्हणजे चोरी.

२०१६ मध्ये कार्लसन-कार्याकिन या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या आयोजकांनी इतर संकेतस्थळांवर चाली दाखवायला बंदी मागितली. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ती नाकारली, कारण खेळली गेलेली चाल ही घडलेली गोष्ट आहे. टिपणांचे तसे नाही, ती लिहिणाऱ्याची असतात. कोणी मेहनतीने निवडलेला आणि रचलेला संपूर्ण संग्रह जसाच्या तसा उचलण्यावरही काही देशांत कायद्याची बंधने आहेत. त्यामुळे नमुन्यात नुसत्या चाली द्याव्यात, टिपणे परवानगी असेल तरच.

गैरसमज : जितके डाव जास्त, तितका संग्रह चांगला.

हा सर्वांत नुकसानकारक समज. नाशिकचा बुद्धिबळपटू विदित गुजराथी याचेच घ्या. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या यादीत त्याचे नाव ‘विदित, संतोष गुजराथी’ असे आहे. दुसऱ्या फाइलमध्ये आडनाव आधी आले, की संगणकाच्या लेखी खेळाडू दोन झाले. तोच डाव दोन ठिकाणांहून आला, तर ओपनिंगच्या आकडेवारीत दोनदा मोजला जातो. तीन मिनिटांचे ब्लिट्झ डाव आणि क्लासिकल डाव एकत्र झाले, तर टक्केवारीवर विसंबून ओपनिंग निवडणारा विद्यार्थी फसतो. शिवाय छापून आलेला प्रत्येक डाव खरोखर खेळला गेला असेलच असे नाही: अ‍ॅडम्स-तोरे, न्यू ऑर्लिन्स १९२० या गाजलेल्या डावाबद्दलही अभ्यासकांना शंका आहे. नावे दुरुस्त करण्याची आणि जुळे डाव शोधण्याची सोय स्किडमध्ये आहे, पण ती वापरायला शिकावे लागते.

नमुनासंग्रह हवा तो त्यासाठीच. माझ्या मते त्यात काहीशे निवडक डाव पुरेत, पण तऱ्हेतऱ्हेचे: उपचाली असलेला, प्याद्याचा घोडा झालेला, मधल्याच स्थितीपासून सुरू होणारा, हत्ती-प्याद्यांच्या अंतिम पर्वाचा. दोनचार जुळे डाव आणि चुकीची नावे मुद्दाम ठेवावीत, आणि तसे स्पष्ट सांगावे. नवख्याने आधी या फाइलची प्रत काढावी आणि तिच्यावर शोध, दुरुस्ती, खोडाखोड बिनधास्त करून पाहावी. मोठा संग्रह त्यानंतर उतरवून घ्यावा.