आठ मात्रांचा ‘थ्रिलर’

नाच हा जन्मजात अंगात असावा लागतो, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. ज्याच्या अंगात आहे त्याने नाचावे, उरलेल्यांनी खुर्चीत बसून टाळ्या वाजवाव्यात. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा कडाडला की भल्याभल्यांचे पाय उचलतात, ते चालते. परंतु पंचेचाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने खोलीचे दार लोटून, मोजूनमापून मायकेल जॅक्सनच्या नाचाचा सराव करावा, हे घरच्यांनाही चमत्कारिक वाटते. प्रस्तुत लेखकाने हा चमत्कारिकपणा गेले वर्षभर केला. त्यातून नर्तक घडला नाही. मात्र अवघड दिसणारा नाच नेमका कशाचा बनलेला असतो, हे उमगले.

निवड केली ती ‘थ्रिलर’ची. ही चित्रफीत १९८३ मध्ये प्रथम दाखवली गेली. दिग्दर्शन जॉन लँडिस यांचे आणि नृत्यरचना मायकेल पीटर्स यांनी स्वतः जॅक्सनच्या साथीने केलेली. पीटर्स हे ब्रॉडवेच्या रंगभूमीवरचे कसलेले नृत्यदिग्दर्शक. ‘ड्रीमगर्ल्स’ या संगीतिकेसाठी त्यांना १९८२ मध्ये टोनी पुरस्कार विभागून मिळाला होता. त्यांच्यापुढचा पेच मोठा मजेशीर होता. थडग्यांतून उठलेल्या प्रेतांनी डौलदार गिरक्या घेतल्या तर भीती जाते आणि ती नुसतीच खुरडत राहिली तर नाच जातो. त्यांनी तोड काढली ती अशी, की खांदा अचानक उडतो, मान एका बाजूला झटकली जाते, हातांचे पंजे होतात, पाय ओढत टाकला जातो. पण हे सारे ठोक्यावर, सर्वांचे एकाच क्षणी. हौशी माणसाला हीच सोय पथ्यावर पडते. देखणे दिसण्याची अट येथे नाही, वेळ पाळण्याची आहे. फिलिपिन्समधील सेबू येथील तुरुंगात दीड हजारांहून अधिक कैद्यांनी हा नाच बसवला आणि २००७ मध्ये त्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. मेक्सिको सिटीत ऑगस्ट २००९ मध्ये तेरा हजारांहून अधिक लोक एकत्र येऊन हाच नाच नाचले. हे सगळे काही जन्मजात नर्तक नव्हते.

मग शिकायचे कसे? नर्तक मंडळी गाणे मिनिटांत मोजत नाहीत, आठांत मोजतात. आपल्या केरव्याच्याही आठच मात्रा, त्यामुळे तबल्याची तोंडओळख असलेल्याला हा हिशेब परका वाटू नये. ‘थ्रिलर’ची लय मिनिटाला सुमारे ११८ ठोक्यांची आहे, म्हणजे आठांचे एक आवर्तन जेमतेम चार सेकंदांत संपते. त्या चार सेकंदांत पाय, हात, खांदे आणि मान यांना वेगवेगळी कामे असतात. पाहताना छाती दडपते ती या गर्दीमुळे. ही गर्दी पांगवली की धीर येतो. प्रथम गाणे बंद ठेवून फक्त पाय, तोंडाने एक ते आठ म्हणत. पाय विचार न करता पडू लागले की हात. मान सर्वांत शेवटी. त्यानंतर चित्रफीत अर्ध्या वेगाने लावावी; संगणकावर व भ्रमणध्वनीवर ही सोय आता सहज असते.

येथे एक विचित्र अडचण उभी राहते. पडद्यावरचा नर्तक आपल्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. माझे पहिले दोन आठवडे या डाव्या-उजव्याच्या भांडणातच गेले. डावे-उजवे उलट करून दाखवणारी, आरशासारखी चित्रफीत मिळाल्यावर ते मिटले. दुसरी चूक अधिक खोल होती. रोज पहिल्यापासून सुरुवात केल्याने आरंभ चोख झाला आणि शेवट कच्चा राहिला. हे आपण पाठांतरातही करतो. उपाय असा, की शेवटचे आवर्तन आधी घोटावे, मग त्याच्या आधीचे जोडावे. म्हणजे नाचताना आपण अनोळखीकडून ओळखीच्या मुलखात येतो. रात्री न जमलेली हालचाल सकाळी आपोआप जमली, असेही पुष्कळदा घडले. शिकलेल्या हालचाली झोपेत पक्क्या होतात, असे प्रयोगांतूनही दिसून आले आहे. तेव्हा चार तास घाम गाळण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे बरी.

‘थ्रिलर’ बऱ्यापैकी बसल्यावर लोभ सुटला तो ‘मूनवॉक’चा. जॅक्सनने तो मे १९८३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमात ‘बिली जीन’ या गाण्यावर केला. ही चाल त्याच्या नावावर जमा असली तरी मूळ त्याची नव्हे. बिल बेली या नर्तकाची तशीच चाल १९५५ च्या चित्रणात दिसते. जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात कार्यक्रमासाठी आला, त्यानंतर मुंबईतल्या कित्येकांनी घरच्या लादीवर ती करून पाहिली असेल आणि बहुतेकांची गाडी एकाच जागी अडली असेल. आपण भार सपाट पायावर टाकतो. खरे तर भार असतो तो टाच उचललेल्या, गुडघ्यात वाकलेल्या पायाच्या चवड्यावर. सपाट पाऊल रिकामे असते, म्हणूनच ते मागे घसरते. ते मागे पोचले की त्याची टाच उचलायची आणि त्याच क्षणी दुसरी टेकवायची. हा ‘त्याच क्षणी’ चुकला की जादू संपते व माणूस मागे सरकताना दिसतो. सुती मोजे आणि गुळगुळीत फरशी असली की पुरे. मात्र फरशी ओली नको.

काही गोष्टी मात्र शिकायच्याच नसतात. ‘स्मूथ क्रिमिनल’मध्ये जॅक्सन ताठ देहाने सुमारे ४५ अंश पुढे झुकतो. १९८८ च्या चित्रपटात त्यासाठी तारांचा आधार घेतला होता. पुढे रंगमंचासाठी टाचेत खाच असलेला बूट तयार झाला. मंचातून वर येणाऱ्या खुंटीत ती खाच अडकवायची. या बुटाचे अमेरिकी पेटंट १९९३ मध्ये मिळाले आणि त्यावर जॅक्सनचेही नाव आहे. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील मेंदू व मज्जारज्जू शल्यविशारदांनी २०१८ मध्ये या झुकण्यावर लेख लिहिला. त्यांच्या मते कमावलेल्या शरीराचा नर्तकही फार तर २५ ते ३० अंश झुकू शकतो, आणि त्या वेळी ताण पाठीवरून टाचेमागच्या कंडरेवर येतो. हे वाचनात येण्यापूर्वी मी कपाटाला धरून प्रयत्न केला होता, हे कबूल करणे भाग आहे. पोटरी आठवडाभर बोलत होती.

नाच शिकल्याने पाहण्याची रीतही बदलली. पूर्वी नजर जॅक्सनवरून हलत नसे. आता मागच्या रांगेतल्या प्रेतांकडे लक्ष जाते. चेहऱ्यावर रंगांचे थर, अंगावर फाटके कपडे, आणि तरीही एकाचाही खांदा अर्ध्या मात्रेने पुढे-मागे नाही. त्यांच्याकडे पाहूनच मला माझी चूक सापडली: मान मी पाचव्या ठोक्यावर झटकतो, ते चौथ्यावर. सध्या तेवढेच एक आवर्तन चालू आहे, अर्ध्या वेगाने. खालच्या मजल्यावरचे आजोबा परवा जिन्यात भेटले, म्हणाले, ‘‘काल सातव्याला अडखळलात वाटतं!’’

अडखळलो होतो खरा.