मुलांचे मन आणि अनेकांतदृष्टी

कालपरवापर्यंत पाठशाळेत पहिल्या ओळीत बसणारी मुलगी हळूहळू घुमी होते. क्षुल्लक कारणावरून धाकट्या भावावर चिडते, रात्री उशिरापर्यंत जागी राहते, ताटावरून अर्ध्यातच उठते. आई म्हणते, "वयच तसे आहे." वडील म्हणतात, "मोबाईलचा परिणाम." दशलक्षण पर्वात तिचे जेवण आणखी कमी होते, तेव्हा आजी कौतुकाने म्हणते, "नात धार्मिक निघाली!" प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. मात्र एक शक्यता साऱ्यांच्याच नजरेतून निसटते, ती नैराश्याची.

मनःस्थितीच्या विकारांचे निदान रक्ततपासणीने होत नाही. मुलांच्या बाबतीत ते अधिकच कठीण. कारण त्यांचे नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडेपणातून प्रकट होते. म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष संवादाच्या जोडीला वर्तन-प्रश्नावलीचे साहाय्य घेतात.

अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ थॉमस आखेनबाख यांची 'चाइल्ड बिहेवियर चेकलिस्ट' अनेक देशांत वापरली जाते. 6 ते 18 वर्षांच्या मुलांचे पालक गेल्या सहा महिन्यांतील वर्तन आठवून प्रत्येक विधानापुढे 0, 1 किंवा 2 लिहितात: खरे नाही, काहीसे खरे, बहुतांशी खरे. शिक्षकांसाठी वेगळा नमुना असतो आणि 11 वर्षांपुढील मुलांनी स्वतः भरावयाचाही. केवळ नैराश्याची लक्षणे टिपणारी 'मूड अँड फीलिंग्ज' प्रश्नावली मागील दोन आठवड्यांपुरतीच विचारणा करते.

आता प्रश्न असा, की तिघांची उत्तरे जुळतात का? आखेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 119 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. पूर्ण एकमत म्हणजे 1 मानले, तर आई व वडील यांच्यासारख्या समान भूमिकेतील व्यक्तींच्या उत्तरांतील सहसंबंध सरासरी 0.60 होता, पालक व शिक्षक अशा भिन्न भूमिकांत 0.28, आणि मूल व इतर यांच्यात अवघा 0.22.

याचा अर्थ कोणी असत्य सांगतो असा नव्हे. घरातील मूल शाळेत वेगळे असते आणि त्याच्या अंतरंगाचा बराचसा भाग दोन्हीकडे अदृश्य राहतो. हत्तीच्या एकेका अवयवाला स्पर्श करणाऱ्या अंधांची कथा आपल्याकडे बालवयातच सांगितली जाते. वस्तू अनेकधर्मात्मक आहे हे तत्त्व स्वाध्यायात मान्य करणाऱ्यांनी ते आपल्या अपत्यालाही लावावयास हवे. निष्णात डॉक्टर या तफावतीकडे चूक म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून पाहतात.

प्रश्नावली ही चाळणी आहे, निकाल नव्हे. चिडचिड व अस्वस्थता नैराश्यात दिसते, तशीच चिंताविकारात, अवधानाच्या दोषात आणि द्विध्रुवी विकारातही दिसते. थायरॉईडचा दोष किंवा रक्तक्षयही थकव्यामागे असू शकतो. त्यामुळे बेरीज पाहून पालकांनी स्वतःच निदान करू नये आणि गुण कमी आले म्हणून निर्धास्तही राहू नये.

सर्वांत मोठा अडथळा मात्र संकोचाचा असतो. 'समाजात कळले तर?', 'पुढे सोयरीक जमेल का?' या भयाने जेथे 2 लिहावयाचे तेथे 0 लिहिला जातो. अशा नोंदीने कुटुंबाची प्रतिष्ठा वाचत नाही. मुलाचे उपचार तेवढे लांबतात. मुलाला त्याची प्रश्नावली एकांतात भरू द्यावी आणि उत्तरांवरून त्याला कधीही रागावू नये. जगणे नकोसे झाल्याचे मुलाने सूचित केले, तर एकूण गुण कितीही असोत, त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

आई, वडील आणि आजी यांचे म्हणणे घरात नेहमीच ऐकले जाते. त्या मुलीचे म्हणणे कदाचित त्या कागदावरच प्रथम उमटेल. ते शांतपणे वाचले जाणे, हीसुद्धा अहिंसाच होय.