पाठीला जबर मार लागला की ‘उसण’ समजू नका

हंडा उचलताना किंवा जोरात शिंकताना पाठीत चमक निघते आणि श्वास अडकल्यासारखा होतो. आपल्याकडे याला उसण भरणे म्हणतात. मग शेकणे-चोळणे होते, पोराला पाठीवर पाय द्यायला लावतात किंवा पायाळू माणसाची लाथ लावून घेतात. स्नायू आखडल्याने भरलेली उसण तशीही चार-आठ दिवसांत उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पण मोटारसायकलवरून पडलेला किंवा उसाच्या ट्रॉलीवरून घसरलेला माणूसही ‘उसणच आहे’ म्हणून हाच उपाय करतो, तेव्हा तो जिवाशी खेळ ठरतो.

कराड तालुका हा खाशाबा जाधवांचा. गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवले. तालमीत अंग रगडून घ्यायची सवय आपल्या रक्तातच आहे. परंतु थकलेले अंग रगडणे वेगळे आणि अपघातात दुखावलेली पाठ रगडणे वेगळे.

सांधा कोठे असतो?

छातीत बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. प्रत्येक बरगडीचे डोके पाठीमागे मणक्याला सांध्याने जोडलेले असते. वरच्या दहा जोड्या मणक्याच्या आडव्या पंखालाही आणखी एका सांध्याने टेकलेल्या असतात. बादलीची कडी उचलावी तशा बरगड्या श्वासागणिक या सांध्यांवर वर-खाली होतात. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसात २१,६०० वेळा ही हालचाल होते. त्यामुळे येथे इजा झाली की खोल श्वास, खोकला, कूस बदलणे, प्रत्येक वेळी कळ येते.

हे सांधे चिवट बंधांनी घट्ट बांधलेले आहेत. साध्या माराने बंध ताणले जातात किंवा बरगडी मोडते. सांधा पूर्ण निखळणे फार दुर्मिळ. तो निखळला असेल, तर वाहनाची धडक, उंचावरून पडणे किंवा अंगावर मोठे वजन येणे असा जबर आघात झालेला असतो. त्याच धक्क्याने मणका मोडू किंवा सरकू शकतो. मणक्याच्या पोकळीत मज्जारज्जू आहे आणि बरगडीला लागून फुप्फुस आहे. खरी काळजी असते ती या दोघांची.

एक्स-रेमध्ये ‘काही नाही’ आले तर?

या भागात हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. त्यामुळे साध्या एक्स-रेमध्ये निखळलेला सांधा सहज निसटतो. मार जबर असेल आणि दुखणे हटत नसेल, तर सी.टी. स्कॅन करावा लागतो. मज्जारज्जूची शंका असल्यास एम.आर.आय. करतात. डॉक्टरांनी तपासणी सुचवली, तर तो ‘उगाच खर्च’ समजू नये.

ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठा

धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे, ओठ निळसर होणे. पायांत मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे. लघवी अडणे किंवा नकळत होणे. खालच्या बरगड्यांना मार लागून पोटात दुखणे, चक्कर येऊन घाम फुटणे. अशा वेळी प्लीहा किंवा यकृत फाटून आत रक्तस्राव होत असू शकतो.

जागेवर काय करावे?

महामार्गावर अपघात झाला की चौघेजण जखमीला हातपाय धरून उचलतात आणि मिळेल त्या गाडीत कोंबतात. हेतू चांगला असतो, पण सरकलेला मणका यात आणखी सरकू शकतो. शक्यतो त्याला हलवू नये, १०८ ला फोन करावा. हलवावेच लागले तर डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसे सर्वांनी मिळून एकदम वळवावे आणि फळीवर घ्यावे. बसवू नये, पाणी पाजू नये.

उपचार

खांदा निखळला तर डॉक्टर तो ओढून बसवतात. बरगडीचा हा सांधा तसा हाताने बसवता येत नाही. तो दाबून ‘बसवून’ घेण्याचा प्रयत्न घातक ठरू शकतो. मणका स्थिर नसेल किंवा मज्जारज्जूवर दाब असेल तर शस्त्रक्रिया लागते. मणका शाबूत असेल, तर वेदनाशामक औषधे आणि श्वासाचे व्यायाम यांवर भर असतो. दुखते म्हणून रुग्ण श्वास तोकडा घेतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. वयस्कर माणसांत हा धोका अधिक. म्हणून छातीला पट्टा आवळून बांधू नये. जागे असताना दर तासाला आठ-दहा खोल श्वास घ्यावेत, खोकताना दुखऱ्या बाजूवर उशी धरावी, विडी-सिगारेट बंद करावी. बरे व्हायला काही आठवडे लागतात, धीर धरावा.

गळिताच्या हंगामात रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. ट्रॉलीमागे लाल परावर्तक लावणे आणि भरलेल्या उसावर माणूस न बसवणे, या दोन गोष्टी पाळल्या तरी यातले कित्येक अपघात टळतील. आणि घरात कोणी पडले, तर आधी एकच विचारा: दुखणे आपोआप उमटले की मार लागून? मार लागून असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.