मांजर हरवली? आधी शेजारची कुलपं उघडा

वरूडच्या घराघरांत मांजर असते. कुणाकडे दुधासाठी पायात घोटाळणारी मनी, कुणाकडे आठ-दहा हजार मोजून आणलेली पर्शियन. ती रात्री जेवायला आली नाही, तर घरातली वडीलधारी माणसं लहानांना समजावतात, "जाईन कुठी? येईन वापस." त्या बोलण्यात माया असते, पण त्यापायी शोध दोन-तीन दिवस लांबतो. मांजर सापडण्याची आशा सगळ्यात जास्त असते ती नेमकी याच दिवसांत.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी हरवलेल्या बाराशेच्या वर मांजरींची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार वर्षभरात 61 टक्के मांजरी जिवंत सापडल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे एकूण मांजरींपैकी 34 टक्के, पहिल्या सात दिवसांतच मिळाल्या. तीन महिन्यांनंतर जिवंत सापडलेल्या फार थोड्या. सापडलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश मांजरी निसटल्या ठिकाणापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत होत्या. सदैव घरातच राहणाऱ्या मांजरींचं अंतर तर याहून कमी. त्यातल्या निम्म्या चाळीस मीटरच्याही आत होत्या. चाळीस मीटर म्हणजे आपल्या गल्लीतली तीन-चार घरं. लोक मात्र मोटरसायकल काढून थेट पांढुर्णा रस्त्यापर्यंत जातात आणि शेजारच्या बंद खोलीत मांजर बसून राहते.

ती हाकेला ओ का देत नाही, हा प्रश्न प्रत्येक मालकाला छळतो. मांजर शिकार करते, तशी कुत्र्यासारख्या मोठ्या जनावरांची शिकारही होते. अनोळखी जागी अडकली किंवा जखमी झाली, तर अंग चोरून गप्प बसणं हाच तिच्या दृष्टीने जीव वाचवण्याचा मार्ग. ओळखीचा आवाज ऐकूनही ती 'म्याव' करीलच असं नाही. या अभ्यासाच्या लेखकांपैकी एक असलेल्या कॅट अल्ब्रेक्ट पूर्वी अमेरिकेत पोलीस दलात होत्या आणि माग काढणारी कुत्री सांभाळत. हरवलेल्या माणसांचा शोध घेण्याची शिस्त त्यांनी हरवलेल्या जनावरांसाठी वापरली. त्या एका गोष्टीवर भर देतात: शेजाऱ्याला "दिसली काय?" विचारून परत फिरू नका, त्याच्या आवारात स्वतः शिरून बघायची परवानगी मागा. शेजारी खोटं बोलत नसतो, त्याला खरंच दिसलेली नसते. लपलेली मांजर दिसत नाही, ती शोधावी लागते.

वरूडसारख्या गावात तिला लपायला जागांची वाण नाही. जुन्या घरांच्या मागे सांदवाडी असते, तिथे जनावरांचा कोठा, चुलीसाठी रचलेला पऱ्हाटीचा ढीग आणि कुटाराची खोली. कुटार काढून झालं की बाहेरून कडी लागते ती दुसऱ्या दिवशीपर्यंत, कधी आठवडाभर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकला की मांजर ओलावा शोधते. कूलरच्या स्टँडखाली, न्हाणीच्या मोरीजवळ, माठाच्या तिवईमागे जाऊन पडते. हिवाळ्यात तिला ऊब लागते, म्हणून नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये शिरते. दिवाळीचे फटाके किंवा वरातीचा डीजे सुरू झाला, तर जवळ दिसेल त्या फटीत घुसते. मुलांकडे पुण्याला निघालेल्या कुटुंबाने दार ओढून घेताना आत कोण शिरलं हे पाहिलेलंच नसतं. म्हणून गल्लीत गेल्या दोन दिवसांत कोणतं घर, कोणतं दुकान, कोणतं गोदाम बंद झालं याची चौकशी आधी करावी आणि किल्ली कुणाकडे आहे ते शोधावं. अभ्यासातही हेच दिसलं: चौकस स्वभावाच्या मांजरी दुसऱ्यांच्या घरांत सापडण्याचं प्रमाण जास्त होतं.

संत्र्याच्या हंगामात आणखी एक धोका असतो. आंबिया बहाराची फळं थंडीच्या तोंडावर आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला निघू लागली की गावात ट्रक उभे राहतात, क्रेट रचले जातात, तणसाचे ढीग पडतात. उंदीर तिथे, म्हणजे मांजरही तिथेच. माल भरणाऱ्या मजुरांना आणि ड्रायव्हरला ट्रक निघण्याआधी फोटो दाखवून ठेवलेला बरा. एकदा गाडीत बसून गेलेली मांजर किती दूर पोचेल याला मोजमाप नाही. पण दूर गेलेली मांजरही परत मिळू शकते. इराकमधून निघालेल्या एका निर्वासित कुटुंबाची कुनकुश नावाची पांढरी मांजर 2015 साली ग्रीसच्या लेसबॉस बेटावर बोटीतून उतरताना हरवली. स्वयंसेवकांनी तिला सांभाळलं, इंटरनेटवरून तिच्या माणसांचा पत्ता लावला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ती नॉर्वेत त्यांच्या घरी पोचली. इतक्या अनोळखी लोकांनी एका मांजरीसाठी एवढी खटपट करावी, ही गोष्ट मनाला उभारी देणारी आहे.

शोधायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे रात्री अकरानंतर किंवा पहाटे, रस्ता शांत असताना. मांजरीच्या डोळ्यात पडद्यामागे चकाकणारा एक थर असतो, तो प्रकाश परत फेकतो. बॅटरी कमरेजवळ धरली तर हे चमकणं नीट दिसत नाही. ती आपल्या डोळ्यांच्या रेषेत, कपाळाशी धरायची आणि जमिनीलगत झोत सावकाश फिरवायचा. पऱ्हाटीच्या ढिगात, उभ्या ट्रॅक्टरखाली, टिनाच्या पत्र्यामागे दोन हिरवट ठिपके चमकले की जागीच थांबायचं. धावत जाऊ नये, घोळका करू नये. खाली बसून नेहमीच्या स्वरात नाव घ्यावं, वासाचं खाणं पुढे सरकवावं आणि वाट पाहावी. घाबरलेली मांजर घरच्या माणसालाही चावते, म्हणून तिला उघड्या हातांवर आणू नये. जाड टॉवेलात गुंडाळून झाकणाच्या टोपलीत ठेवावी. चावली किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा. रेबीज मांजरीकडूनही होतो.

विहिरीच्या बाबतीत मात्र मायेला आवर घालायलाच हवा. वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या अतिउपशाने 'डार्क झोन' म्हणून ओळखला जातो आणि पडीक विहिरी इथल्या शेतांना नव्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी, 9 एप्रिल 2024 ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडली. तिला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली, एकाला कसंबसं वाचवता आलं. कुजणाऱ्या शेणातून निघणारे वायू हवेतला प्राणवायू ढकलून देतात आणि माणूस काही श्वासांतच बेशुद्ध होतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. अशा ठिकाणी दोराला टोपली किंवा पोतं बांधून खाली सोडावं, मांजर बऱ्याचदा आपणहून त्यावर चढते. नसेल चढत, तर 112 ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवावं. स्वतः उतरू नये आणि कुणाला उतरूही देऊ नये.

गल्ली पालथी घालून झाली की मग फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप. फोटो पूर्ण अंगाचा असावा, मजकूर चार ओळींचा. फोटोत न दिसणारी एखादी खूण, जसं पोटावरचा डाग, मुद्दाम लिहू नये. "तुमची मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे टाका" म्हणणाऱ्या लबाडाला ती खूण विचारली की त्याचं पितळ उघडं पडतं. दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, पहाटे झाडायला येणाऱ्या मावशी, कृषी केंद्रातला मुलगा, यांना प्रत्यक्ष भेटून सांगितलेलं ग्रुपवरच्या संदेशापेक्षा जास्त कामाला येतं. चोरीचा संशय असेल, तर पोलिसांत तक्रार देताना संकोच नको. पाळीव मांजर कायद्याच्या नजरेत मालकाची जंगम मालमत्ता आहे.

ओळख पटवायला मायक्रोचिपसारखं साधन नाही. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेजवळ कातडीखाली बसवतात, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून मांजरींना ती सक्तीची झाली. तिने जागा कळत नाही, फक्त स्कॅनरखाली क्रमांक दिसतो. त्यामुळे स्कॅनर असलेला दवाखाना जवळ नसेल, तर फोन नंबर लिहिलेला, ताण पडताच सुटणारा पट्टा अधिक उपयोगी. मांजर भटकू नये म्हणून नसबंदीही करावी: नसबंदी केलेली मांजर माजावर येत नाही, बोकाही जोडीदारासाठी गावभर फिरत नाही.

आठवडे उलटले तरी शोध सोडू नये. तैवानमध्ये 21 सप्टेंबर 1999 च्या भूकंपानंतर ढिगाऱ्याखाली एक मांजर 80 दिवसांनी जिवंत सापडली होती. अशी खंगलेली मांजर घरी आली की आनंदाच्या भरात तिच्यापुढे वाटीभर दूध आणि मासळी ठेवली जाते, आणि तेच टाळायला हवं. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजरीच्या यकृतात चरबी साठू शकते आणि तो आजार जिवावर बेतू शकतो. आधी पाणी, मग थोडं-थोडं मऊ खाणं, आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे नेऊन तपासणी. नंतर दोन-तीन आठवडे तिला घरातच ठेवावं आणि ती ज्या फटीतून निसटली होती, ती बुजवून टाकावी.